मी आलो, मी आले

पुण्यात कॉट बेसिसवर राहायला आले त्या पहिल्याच रात्री आईचा फोन आला. पोचलीस काय, जेवलीस काय, खोली बरी हाय काय. मी म्हटलं, "व्हय, मगाशीच आलो. जेवलो पण." फोन ठेवला तर समोरच्या कॉटवरची नाशिकची मुलगी पुस्तक मिटून माझ्याकडे बघत होती. "तू स्वतःला मुलगा समजतेस का गं?" तिनं विचारलं. कुचकेपणानं नाही, तिला खरंच कळेना.

आमच्या इचलकरंजीत, आणि तसं सगळ्या कोल्हापूर भागातच, बायका 'मी आलो' म्हणतात, 'मी जातो' म्हणतात. ऐंशीची आज्जी म्हणते आणि पहिलीतली पोरही म्हणते. कर्नाटकाची हद्द आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. कन्नडात बाई असो की बाप्या, आल्यावर 'नानु बंदे' एवढंच म्हणतात, क्रियापदाला त्याचं सोयरसुतक नसतं. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की असं होतं म्हणतात. हे सगळं मला तेव्हा ठाऊक असतं तर त्या मुलीला ऐटीत सांगितलं असतं. मी नुसतीच ओशाळले. आठवड्याभरात माझ्या 'आलो'ची 'आले' झाली. अवघड काहीच नव्हतं त्यात. खोलीत 'आले', आईच्या फोनवर 'आलो'. आमच्याकडच्या बहुतेक मुली हेच करतात, कऱ्हाड ओलांडलं की गिअर बदलतो.

कॉलेज संपल्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत मी कथा लिहायला कशी शिकले, म्हणजे शिकतेय, ते लिहायला बसले होते. पण लिहायला घेतलं की हे 'आलो' आणि 'आले' मध्ये येतंच.

कॉलेजात मी 'लेखिका' होते. भित्तिपत्रकावर दर पंधरवड्याला माझं काही ना काही असायचं, वार्षिक अंकात कथा, युवा महोत्सवात एकदा बक्षीसही. त्या कथा आता काढून बघितल्या की अंगावर शहारे येतात, चांगले नव्हेत. सायली नावाची मुलगी समुद्र दिसणाऱ्या गॅलरीत कॉफी घेऊन उभी आहे, पाऊस पडतोय, अनिकेतचा मेसेज आलेला नाही. मी समुद्र पाहिला होता तो शाळेच्या सहलीत, गणपतीपुळ्याला. गॅलरी असलेल्या घरात कधी राहिले नव्हते. आमच्या घराची एक भिंत सामाईक, आणि भिंतीपलीकडे आठ यंत्रमाग. बाबा जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. आज्जीनं उभा जन्म कांड्या भरल्या, म्हणजे मागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळलं. मी अभ्यास केला, झोपले, आजारी पडले, सगळं त्या खडखडाटात. आणि माझ्या एकाही कथेत माग नव्हता. माग ही कथेत घालायची गोष्ट आहे असं सुचलंच नाही. कथेत गॅलरी असते.

कॉलेजची एक गंमत असते, तिथं कुणीतरी मागत असतं. "कथा दे गं, शुक्रवारपर्यंत." देतो आपण. ते संपलं तसं माझं लिहिणंही संपलं, आणि मला वाटलं प्रतिभा आटली. (तेव्हा मी 'प्रतिभा' हा शब्द स्वतःबद्दल वापरत असे.) त्यात आमचं शेवटचं वर्ष म्हणजे २०२०. पदवीची परीक्षा ढकलत ढकलत ऑक्टोबरात झाली, तीही बहुपर्यायी प्रश्नांची. मराठी साहित्याची पदवी मी चार पर्यायांपैकी योग्य त्या पर्यायावर खूण करून मिळवली आहे. त्याबद्दल कुणी काही बोललं की मी हसून सोडून देते, पण मनात थोडं लागतं.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली आणि इचलकरंजीतले माग थांबले. बाहेरच्या माणसाला यात काय विशेष ते कळणार नाही. आमच्याकडे माग थांबतात ते सणाला, संपाला किंवा लाइट गेली तर, आणि तेही सगळे एकदम क्वचितच. आता दिवसच्या दिवस, आठवडेच्या आठवडे आवाज नाही. पहिल्या रात्री आज्जी तीन वेळा उठून बसली. "काय झालं?" म्हटलं तर म्हणाली, "कायच वाजंना." तिला झोपच येईना. झोप लागायला तिला तो खडखडाट लागत होता, आणि तो तिला लागतो हे ऐंशीच्या घरात आल्यावर पहिल्यांदा कळत होतं.

दुसरी गोष्ट कळायला मला आठ-दहा दिवस लागले. आम्ही सगळे ओरडत होतो. मागांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, आता माग बंद, तरी आवाज तेवढाच. गल्लीत कुणाच्या घरात काय शिजलंय, कुणाची मालकाकडं किती उचल आहे, सुनेनं सासूला काय उत्तर दिलं, सगळं ऐकू येत होतं. आमच्याकडच्या बोलण्याची वाक्यं आखूड का, तेही तेव्हा लक्षात आलं. मागावर लांब वाक्य पुरं होईपर्यंत त्याचं शेपूट आवाजात बुडतं. म्हणून दोन-तीन शब्द, मान, हात, भुवया. आज्जी आणि तिच्या कांडीवाल्या मैत्रिणी आठ-आठ तास ओठ वाचून गप्पा मारायच्या. मालक येतोय हे सांगायला त्यांच्याकडे शब्दच नव्हता, ओठावर बोट फिरवून मिशी काढली की झालं.

त्या शांततेवर मी फोनवरच टाइप करून चारशे शब्द लिहिले आणि ब्लॉग काढून त्यावर टाकले. तो माझा ब्लॉग. पहिल्या वर्षात मी त्यावर पन्नासएक नोंदी लिहिल्या असतील. त्यानं हात सैल झाला हे खरंच. रोज लिहायची लाज गेली, मराठी टंकायचा वेग आला, वाक्य अडलं तर पुढं जाता येतं हे कळलं. पण एक खोडही लागली. प्रत्येक नोंदीच्या शेवटी मी काहीतरी हळवं, शहाणं वाक्य ठेवायचे, आणि लोक नेमकं तेच वाक्य उचलून मला पाठवायचे. मग मी वाक्य आधी शोधायला लागले आणि नोंद त्याच्यामागं ओढायला. कथेत याचा काहीच उपयोग होत नाही. ब्लॉगवर मला बोलायला मिळतं. कथेत मी गप्प बसले तरच दुसरं कुणी बोलतं, आणि मला गप्प बसता येत नव्हतं.

पुण्यातली नोकरी भाषेचीच मिळाली, पण कशी? मोबाइलवरच्या ॲपमधला मजकूर मराठीत आणायचा. 'तुमची ऑर्डर निघाली आहे.' 'कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' पहिल्याच महिन्यात एक बटण आलं, त्यावर वापरणाऱ्याच्या तोंडचं वाक्य हवं होतं, की मी पासवर्ड विसरलो. आता तो विसरला की ती विसरली? आमच्या वरिष्ठांनी 'विसरलो/विसरले' अशी तिरकी रेघ मारली. बटणात ती मावेना. दोन दिवस तीन माणसं त्या रेघेशी झगडत होती. शेवटी मी 'पासवर्ड आठवत नाही' सुचवलं आणि शाबासकी मिळवली. 'आठवत नाही'ला बाई-पुरुष काही नसतं. त्या दिवशी बसमध्ये उभ्यानं एकटीच हसत होते. आमच्या गावाला विचारलं असतं तर सगळ्यांना 'विसरलो' पुरलं असतं.

लिहायला जागा नव्हती. खोलीत चार कॉट, चार फोन, एक खिडकी. म्हणून मी सदाशिव पेठेतली एक अभ्यासिका लावली, महिना हजार रुपये. तिथं सगळे एमपीएससीवाले. मीही तेच करते असा सगळ्यांचा समज होता आणि मी तो मोडला नाही. शेजारच्या टेबलावर राज्यघटनेची कलमं पाठ करणारा मुलगा एकदा म्हणाला, "ताई, निबंधाचा सराव तुमचा जोरात चाललाय." मी म्हटलं, "हो, करावाच लागतो." रात्री साडेअकराला अभ्यासिका बंद व्हायची. दोन तासांत दीड पान झालं तर चांगला दिवस. त्या मुलांकडून मी एक मात्र घेतलं. तिसऱ्यांदा नापास झालेली माणसंही दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याच खुर्चीवर येऊन बसायची. त्यांचं पुढं काय होतं ते फार उत्साहानं सांगावं असं नाही, पण खुर्चीवर बसणं बघण्यासारखं होतं.

कथा पाठवायच्या तर दिवाळी अंकाला, हे आपल्याकडं ठरलेलंच. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष पावसाळ्याआधी सुरू होतं. मे-जूनमध्ये पाठवायचं, ऑगस्टपर्यंत वाट बघायची, 'उत्तर न आल्यास नापसंत समजावे' हे वाक्य पाठ असूनही सप्टेंबरातही वाट बघायची. पहिल्या वर्षी मी पाच कथा पाच ठिकाणी पाठवल्या आणि पाचांनीही मौन पाळलं. दुसऱ्या वर्षी एका संपादकांचं उत्तर आलं. दोन वाक्यं होती. 'भाषा चांगली आहे. माणसं कुठली आहेत?'

मी चिडले. माणसं कुठली म्हणजे काय, कथेत स्पष्ट लिहिलंय, मुंबईची आहेत! चार दिवस त्या संपादकांना मनातल्या मनात उत्तरं देत फिरले. पाचव्या दिवशी कथा पुन्हा वाचली. त्यातली बाई नवऱ्याला म्हणते, "आपल्यात जो दुरावा निर्माण झाला आहे, त्याला आपण दोघेही जबाबदार आहोत." अशी बाई मुंबईतही नसणार.

मग मी मागावरची कथा लिहिली. दोन कांडीवाल्या बायका. एकीला दुसरीला काही सांगायचंय, मागांच्या आवाजात ती ओरडून सांगतेय, कारण त्या आवाजात कितीही ओरडलं तरी पलीकडच्याला ऐकू जात नाही, तिथं ओरडणं म्हणजे कुजबुजणंच. आणि वाक्याच्या मध्यावर लाइट जाते. सगळे माग एकदम थांबतात. त्या शांततेत तिचं उरलेलं वाक्य अख्ख्या शेडला ऐकू जातं, "...सोडून आलो त्येला." कथा तिच्याच तोंडून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. साडेतीन हजार शब्द लिहायला सात महिने लागले. पहिल्या खर्ड्यात लाइट गेल्यावर तीन पानं शांततेचं वर्णन होतं, ब्लॉगची सवय. ती तीन पानं काढायलाच दोन महिने गेले.

कथा एका अंकानं घेतली. ऑगस्टच्या शेवटी प्रुफं बघायला बोलावलं. टेबलापलीकडं सत्तरीचे मुद्रितशोधक, त्यांना सगळे काकाच म्हणत. त्यांनी माझ्यापुढं प्रुफं सरकवली. त्यात तेवीस लाल गोल होते. आलो, गेलो, बसलो, उठलो, रडलो, सगळ्या 'लो'भोवती गोल आणि समासात 'ले'. पहिल्या पानावर वर लिहिलेलं, 'निवेदक स्त्री आहे. लिंग तपासा.'

"काका, तिकडं बायका असंच बोलतात."

"बोलत असतील की," ते म्हणाले. "पण वाचणारा चिपळूणचा असेल, वर्ध्याचा असेल. त्याला वाटेल आम्ही प्रुफं वाचलीच नाहीत. भाषा तुझी राहील आणि बदनामी माझी होईल." मग जरा मऊ आवाजात त्यांनी मला समजावलं. १९६२ च्या लेखनविषयक नियमांत पात्राच्या तोंडी 'केलं', 'झालं' लिहायची मोकळीक आहे, कारण सगळीकडं तसं बोलतात. 'आलो'ची अशी मोकळीक त्यात कुठं आहे ते दाखव, आत्ता ठेवतो. मी काय दाखवणार? आणि खरं सांगायचं तर मला भांडायचंही नव्हतं. पहिली कथा छापून येत होती. त्यांनी नायिकेचं नाव बदलायला सांगितलं असतं तरी मी बदललं असतं. तेवीसच्या तेवीस गोल मी मान्य केले.

(जाता जाता एक. माझा मजकूर युनिकोडमधला, अंक जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला. तो बदलताना 'कोपऱ्यात'चं सगळीकडं 'कोपर्यात' झालं होतं. ते मात्र कुणाच्याच नजरेला आलं नाही, माझ्याही नाही, आणि तसंच छापून आलं.)

दिवाळीला अंक घेऊन घरी गेले. आज्जीला वाचता येतं, पण मोतीबिंदूमुळं बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवली. कानही मागानं खाल्लेले, त्यामुळं ओरडूनच वाचावं लागतं. अर्धी कथा झाल्यावर तिनं हात वर केला. "ही बाई पुन्याची हाय व्हय?"

"नाही गं, आपल्याच गावची. कांड्या भरती."

"मग अशी का बोलती?"

लाइट जाते ते वाक्य आलं. 'सोडून आले त्याला.' 'त्येला'चं 'त्याला'ही झालं होतं, ते मी आत्ताच बघत होते. आज्जी काही बोलली नाही. ज्या वाक्यासाठी सगळी कथा लिहिली ते तिच्या अंगावरून पाण्यासारखं गेलं. पुण्याची बाई नवऱ्याला सोडून आली, येऊ दे बापडी.

मग मी जे केलं ते करू नये, पण बहुतेक जण करत असावेत. पुढची कथा मी सूड घेतल्यासारखी बोलीत लिहिली. व्हय, न्हाय, आन्‌, म्या, कवा, तवा, आरं तिच्या, एकही शब्द प्रमाण ठेवला नाही, निवेदनातसुद्धा. ती मी एका छोट्या कार्यक्रमात वाचली. लोक हसले. विनोदी जागी नाही, सगळीकडंच. 'न्हाय' म्हटलं की हशा. एक गृहस्थ नंतर भेटून म्हणाले, "काय अस्सल मातीचा वास आहे!" मातीचा कुठला वास, आमच्या गावाला खळ आणि तेलाचा वास आहे. पण मी खूश झाले आणि ती आज्जीला वाचून दाखवली. तिनं या वेळी दुसऱ्याच पानावर हात वर केला. "असं कोन बोलतंय गं? नाटकात बोलल्यागत."

तिचं बरोबर होतं. आज्जी प्रत्येक वाक्यात 'व्हय' म्हणत नाही. बँकेत ती 'हो' म्हणते. डॉक्टरांशी बोलताना 'आहे' म्हणते आणि दमली की पुन्हा 'हाय'वर येते. तिच्यात सुद्धा एक गिअर आहे, माझ्यासारखाच, आणि तो कुठं बदलतो यात अख्खा माणूस दिसतो. मी त्यातला एकच गिअर पकडून गाडी घाटभर रेटली होती. ती कथा मी कुठं पाठवली नाही.

आज्जीला मी एकदा विचारलं होतं. १९७४ साली पु. ल. देशपांडे अध्यक्ष होते ते साहित्य संमेलन आमच्याच गावात भरलं होतं, तेव्हा ती तिशीतली असणार. "गेलीस काय बघायला?" तर म्हणाली, "दिवसपाळी हुती." तेवढंच. तिला त्यात खंत वाटण्यासारखं काही दिसत नाही. मीच ते वाक्य घेऊन बसले आहे, अजून त्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

आपल्याकडं 'नवोदित' ही पदवी पन्नाशीपर्यंत टिकते, त्यामुळं मला घाई नाही. आठ कथा झाल्यात. मैत्रिणी म्हणतात, साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेला पाठव, पहिल्या पुस्तकासाठीच असते ती. पाठवीन. त्याआधी मागावरची कथा पुन्हा लिहून काढली आणि ब्लॉगवर टाकली, तेवीसही 'लो' परत आणून. कोल्हापूरकडच्या कुणी काही म्हटलं नाही, त्यांना ते दिसलंच नसावं. इतर बरेच जण मला नम्रपणे कळवत असतात की नायिका स्त्री असल्यानं क्रियापद चुकलं आहे, दुरुस्त करावं. सुरुवातीला मी प्रत्येकाला कन्नडासकट उत्तर द्यायचे. आता 'आभारी आहे' म्हणते.

आणि हा लेख मी 'आले', 'गेले'त लिहिलाय हे तुमच्या लक्षात आलंच असेल. 'लो'मध्ये लिहून बघितला, पहिली दोन पानं. कुणाची तरी नक्कल केल्यासारखा वाटला. पुण्यात राहून सहा वर्षं माझं मी 'आले'मध्येच विचार करते, हेही खरंच आहे. ते खोडायला कुठले काका लागत नाहीत.

मागच्या महिन्यात घरी गेले होते. नवी कथा, सायझिंगमधल्या, म्हणजे विणण्याआधी सुताला खळ लावतात त्या कारखान्यातल्या, एका दिवाणजीची. दुपारची वेळ, दारात बसून आज्जीला वाचून दाखवत होते, अर्थात ओरडून. भिंतीपलीकडं माग चालू. कथेत दिवाणजी सातला पाळी सुटल्यावर कामगारांचा हिशेब करायला बसतो. तिथपर्यंत आले आणि लाइट गेली. मी आपली त्याच आवाजात वाचतच होते, दोन ओळी वाचून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं. आज्जीनं विचारलं, "थांबलीस का?" तेवढ्यात भिंतीपलीकडून, मागाजवळून कुणा बाईचा आवाज आला.

"आठला गं! सायझिंगला पाळी आठला सुटती. सातला कोन सोडतंय?"

"कंच्या सायझिंगला?" आज्जी इकडून.

"सगळ्याच!"

मी आत जाऊन पेन आणलं.